उमरखेडच्या सरांचा फ्रिज

मी आज जो कोणी आहे तो उमरखेडच्या सरांमुळे आहे, आणि उमरखेडच्या सरांइतका हळू माणूस आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. ते हळू चालत, हळू जेवत, आणि दार तर असं लावत की कडी बसली हे घरातल्या माणसालाही कळू नये. बसस्टँडपासून त्यांचं घर पाच मिनिटांवर आहे. सरांना पंचवीस मिनिटं लागत, आणि वाटेत कोणी थांबवून "सर, दवाखान्यातून येऊन राह्यले का?" असं काळजीनं विचारलं तर आणखी दहा. तब्येत ठणठणीत होती, सवय तेवढी जडलेली होती. सगळी नोकरी त्यांनी दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरात, एका संशोधन संस्थेत, रक्तातल्या प्रथिनांचे स्फटिक वाढवण्यात घालवली होती, आणि ज्या टेबलावर स्फटिक वाढत असतो त्याला धक्का लागू द्यायचा नसतो. निवृत्त होऊन ते आपल्या गावी परत आले तेव्हा ते टेबल तिकडेच राहिलं. धक्का न लावण्याची सवय मात्र बरोबर आली.

हे काम काय असतं ते मी आमच्या फुलसावंगीत शंभरदा तरी समजावलं असेल, आणि दरवेळी सरांचेच शब्द वापरले. आपल्या अंगात रोगाशी लढणारी प्रथिनं असतात. ती डोळ्यांना तर नाहीच, कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. पण तीच प्रथिनं प्रचंड संख्येनं, शिस्तीत, एकाला एक लागून उभी राहिली की त्यांचा एक बारीक खडा तयार होतो. तोच स्फटिक. त्याच्यावर क्ष-किरण सोडले की पलीकडे ठिपके उमटतात, आणि त्या ठिपक्यांवरून गणित करकरून प्रथिनाचा आकार काढायचा. सर म्हणत, "आपल्याले फक्त ठिपके भेटते. रांगोळी आपल्याले काढा लागते." अशा दोन रांगोळ्या सरांनी काढल्या होत्या आणि त्या जगभरच्या पुस्तकांत गेल्या होत्या. तिसरी राहिली. त्या तिसऱ्या प्रथिनाचं खरं नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे; सर त्याला कोतवाल म्हणत. गावात परका शिरला की आधी कोतवालाला कळतं, तो दवंडी देतो, आणि मग बाकीचे काठ्या घेऊन धावतात. रक्तातही तसंच. या कोतवालाचा हात कसा असतो, तो परक्याला धरतो कुठून, एवढंच सरांना बघायचं होतं. आणि कोतवाल काही केल्या ओळीत उभा राहत नव्हता.

म्हणून सरांनी उमरखेडच्या घरी, पुढच्या खोलीत, एक फ्रिज ठेवला होता. त्यात दुधाचा थेंब नाही, कोथिंबिरीची काडी नाही. फक्त पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या थाळ्या, प्रत्येकीला चोवीस खळगे, आणि प्रत्येक खळग्यावर झाकणीखाली लोंबणारा, मोहरीएवढा कोतवालाचा एक थेंब. थेंब वाळत वाळत कधीतरी आत खडा धरील, या आशेवर तो फ्रिज रात्रंदिवस चालू असे. लाईन गेली की घरातला पंखा बंद व्हायचा, फ्रिज इन्व्हर्टरवर चालू राहायचा. मे महिन्यात सर आणि काकू दोघंही बनियान-लुगड्यावर घामानं निथळत बसलेली मी पाहिली आहेत, आणि फ्रिज मात्र घुर्र घुर्र करत गारव्यात. काकू दही मातीच्या मडक्यात, ओल्या फडक्याखाली ठेवत. कोणी पाहुणीनं फ्रिजकडे बघून थंड पाणी मागितलं, तर काकू म्हणत, "तो फ्रिज नाही बाई, तो आमच्या घरचा जावई आहे. त्याले काही मांगायचं नाही."

एकदा समोरच्या रस्त्यानं वरात निघाली. चार मोठे डबे लावलेला डीजे, खिडक्यांच्या काचा थरथरताहेत. सर आधी फ्रिजला दोन्ही हात लावून उभे राहिले, जणू त्यानं खोकू नये. मग न राहवून बाहेर गेले आणि हात जोडून नाचणाऱ्या पोरांना म्हणाले, "बाप्पाहो, आवाज जरा कमी करा. आत काहीतरी वाढून राह्यलं." पोरं भली. त्यांनी डीजे कोपऱ्यापर्यंत बंद ठेवला आणि पाय न आपटता वरात पुढे नेली. दुसऱ्या दिवशी नवरदेवाची आई काकूंकडे झबलं-टोपडं आणि डिंकाचे लाडू घेऊन आली. साठीच्या काकूंना ते देताना ती बाई जराशी गोंधळली, पण घरात सून गरोदर असेल असं समजून घेतलं. सरांना मूलबाळ नाही. लाडू आम्ही विद्यार्थ्यांनी खाल्ले. झबलं काकूंनी परत केलं नाही; घडी करून कपाटात ठेवलं.

दर रविवारी सकाळी सर थर्मास घेऊन मटनाच्या दुकानी जात. स्वतः अंडंही न खाणारा माणूस, पण कोतवाल रक्तातूनच काढावा लागतो, आणि बोकडाचा कोतवाल माणसाच्या कोतवालाचा सख्खा भाऊ आहे असं त्यांचं म्हणणं. दुकानवाले चाचा ओरडून सगळ्यांना सांगत, "हटो भाई, सर का खून आ रहा है." नवख्या गिऱ्हाइकाची पाचावर धारण बसे. पुढे पुढे शेजारात कुजबुज झाली की म्हातारा रक्त नेतो, दार बंद करून बसतो, म्हणजे याला काहीतरी येतं. एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन ताईत मागायला आली. सरांनी तिला ताईत दिला नाही, स्वतः सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. पण चालत गेले. ती बाई रस्त्यात तीनदा म्हणाली म्हणे, "बुवा, थोडं लवकर."

आणि सुई. सुई सांगितल्याशिवाय सर सांगून होत नाहीत. थेंबात खडा दिसला की नवा माणूस हरखतो, पण तो खडा प्रथिनाचाच असेल असं नाही. थेंबात क्षारही असतात आणि त्यांचेही खडे होतात, उलट जास्त देखणे. ओळखायची एक सोपी रीत आहे. बारीक सुईनं खडा दाबायचा. मीठ असेल तर तो कट् करून मोडतो. प्रथिन असेल तर आवाज न करता बसतं, दह्याच्या कवडीसारखं. अडचण एवढीच की दोन्ही बाबतींत खडा हातचा जातो. त्यामुळे हा प्रश्न सरांच्या जिभेवर कायमचा बसला होता. भाजीवालीनं मेथी गावरान आहे म्हटलं, की "सुई लावली का?" कोणी सांगितलं की भाचीला इंजिनिअर मुलगा मिळाला, की "सुई लावली का?" काकू एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "लग्नाच्या वक्ती मले नाही लावली बरं यायनं. तिथंच फसले." सर हसले आणि म्हणाले की काही खडे मोडायची हिंमत होत नाही.

मी त्यांना भेटलो तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी. ते आमच्या कॉलेजात आठवड्यातून एक तास, हौसेनं, शिकवायला येत. सायकलच्या ब्रेकच्या तारेत चिंचोके ओवून आणत आणि ती तार वाकवून वाकवून प्रथिनाची घडी कशी पडते ते दाखवत. बाकीची मुलं मागच्या दारानं निघून जात. मी पहिल्या बाकावर होतो म्हणून निघता आलं नाही. माझ्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. बुद्धविहाराच्या ओसरीवर, तिथल्या दिव्याखाली मी दहावी-बारावी केली. माझे बाबा गवंडी. त्यांच्या मनात मी बी.एड. करून कुठंतरी मास्तर व्हावं असं होतं, आणि तेही त्यांच्या दृष्टीनं आभाळाला हात लावण्यासारखंच होतं. त्यांची समजूत घालायला सर फुलसावंगीला आले. बाबा एका घराच्या भिंतीवर होते. सर खाली विटांवर बसले आणि अर्धा तास, ओळंबा सोडून बाबा प्रत्येक थर तपासत होते ते बघत राहिले. शेवटी बाबाच उतरले आणि म्हणाले, "सर, जे दिसतच नाही ते पाह्याले हे पोरगं पाच-सहा वर्षं घालवणार म्हणता. अन् नाही दिसलं त?"

सर म्हणाले, "नाही दिसलं त नाही दिसलं म्हणून सांगन. तेवढं शिकवलं मी त्याले."

बाबांनी हात धुतले आणि होकार दिला. हे वाक्य मी तेव्हा ऐकलं होतं. विटांच्या ढिगापाशीच उभा होतो.

पुढचं सगळं सरांनी केलं. अर्ज त्यांनी तपासले, इंग्रजी बोलायची भीती त्यांनी घालवली, आणि त्यांच्याच जुन्या संस्थेत मला संशोधनाला जागा मिळाली तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आपल्या सगळ्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. "कोतवाल आता दोघांचा," ते म्हणाले. "मी इथं पाह्यतो, तू तिथं पाह्य. ज्याले आधी दिसन त्यानं फोन करायचा." त्यानंतर दर रविवारी, मटनाच्या दुकानातून आले की, त्यांचा फोन येई. दिसला का, ते विचारत. मी नाही म्हणे. मग ते त्यांच्या फ्रिजचा वृत्तांत सांगत, कुठल्या थाळीत कुठला थेंब गढूळला, कुठला निवळला. चार वर्षं मी नाही म्हटलं. ती माझी चांगली वर्षं होती, हे मला आता कळतं.

पाचव्या वर्षी एका दुपारी मला दिसला. सहा बाजूंचा, कडा धारदार, काचेसारखा स्वच्छ खडा. एकच. आमचे मार्गदर्शक परगावी गेले होते, प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. सुई माझ्या हाताशी होती. मी ती उचललीसुद्धा. पण एकुलता एक खडा, पाच वर्षांनी आलेला, आणि तो मोडायचा या कल्पनेनं माझा हात थांबला. उद्या क्ष-किरणांखाली घालू, मग कळेलच, असं मी ठरवलं. इथपर्यंत काहीच चुकलं नव्हतं. चूक पुढची: उद्यापर्यंत मी थांबलो नाही. मी सरांना फोन केला.

 ते "अवं, ऐकलं का" एवढंच ओरडले, आणि फोन तसाच टेबलावर ठेवून काकूंकडे गेले. मला पलीकडून त्यांची पावलं ऐकू आली. भराभर पडत होती.

दुसऱ्या दिवशी क्ष-किरणांखाली जे ठिपके आले ते विरळ, ठळक आणि थोडे होते. असे ठिपके मिठाचे असतात. तरी मी सुई घेतली आणि दाबली. कट्.

मी फोन उचलणार, तोच बाबांचा आला. सरांनी सकाळीच कॉलेजात पेढे वाटले होते, चाचांच्या दुकानी वाटले होते, आणि बस धरून फुलसावंगीला जाऊन आमच्या वस्तीतही वाटले होते. बाबा म्हणाले, "सर आले होते. माह्या पाठीवर हात ठेवला त्यायनं." बाबांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, हो बाबा. मनाशी ठरवलं की महिनाभरात खरा स्फटिक येईल, तो आला की हा विषयच संपेल, कोणाला काही सांगायची गरज उरणार नाही. महिने गेले. खोटं टिकलं, कारण ते सरांनीच शिकवलेल्या सत्यावर उभं होतं: स्फटिक मिळाल्यावर आकार काढायला वर्षं लागतात. रविवारी ते विचारत, आणि मी म्हणे, काम चालू आहे सर. ते म्हणत, घाई नको. आपल्या फ्रिजचा वृत्तांत सांगणं त्यांनी सोडलं होतं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्या उन्हाळ्यात गावी गेलो. विहारात माझा सत्कार झाला, फळ्यावर खडूनं माझं नाव लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी उमरखेडला गेलो. सगळं सांगून टाकायचं असं बसमध्ये घोकत गेलो होतो. काकूंनी दार उघडलं आणि मी बसायच्या आत ताकाचा पेला हातात दिला. पेला गार होता. बाहेरून दव धरलेला. मी फ्रिजकडे बघितलं. काकूंनी नव्या नवरीच्या कौतुकानं तो उघडून दाखवला: दही, कैऱ्या, पालक, बर्फाचा साचा, कालची वरणफळं.

"माझा झाला फ्रिज," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांनं."

सर खुर्चीतून म्हणाले, "दोघांनी कायले पाह्यत बसायचं? तुले दिसला ना. तुझा फोन आला त्याच दिवशी मी बटन बंद केलं." मग थोड्या वेळानं, जणू फार महत्त्वाचं नाही अशा आवाजात, "पाचव्या थाळीत एक थेंब बरा दिसत होता म्हणा. असो."

त्या थाळ्या काकूंनी घासूनपुसून ठेवल्या होत्या. चोवीस खळग्यांत चोवीस तऱ्हेची रांगोळी भरली होती, गुलाबी, जांभळी, पिवळी, आणि दारातली त्या दिवशीची रांगोळी त्यातूनच काढलेली होती. मी ताक प्यालो. काकूंनी आणखी घेतोस का विचारलं, आणि मी दुसरा पेलाही घेतला. सर कितीतरी गोष्टींवर बोलले; मी हो हो म्हणत राहिलो. निघताना त्यांनी मला बसस्टँडपर्यंत सोडलं. त्या पंचवीस मिनिटांत सांगता आलं असतं. तेवढा वेळ दुसऱ्या कुठल्या माणसानं मला दिला नसता.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. जगातल्या प्रत्येक माणसाला सुई लावली का विचारणाऱ्या सरांनी मला ते विचारलं नाही. त्या दिवशी फोनवर नाही, नंतर एकाही रविवारी नाही. आनंदात विसरले असतील. किंवा माझ्यावर इतका विश्वास असेल की विचारायची गरज वाटली नसेल. किंवा त्यांना सगळं कळलं असेल, आणि काही खडे मोडायची हिंमत होत नाही तसं झालं असेल. तिन्हींपैकी कुठलं खरं असेल तर मला कमी वाईट वाटेल, याचा मी पुष्कळ विचार केला. एकही सापडत नाही.

गेल्या महिन्यात त्यांचं पत्र आलं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचं, अक्षर मोठं आणि वाकडं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नव्या मुलांना बघायला माझ्या स्फटिकाचा फोटो हवा होता. मोठा करून, चौकटीत बसवून, ते स्वतः लावणार होते. तो फोटो माझ्याजवळ आहे. फार देखणा आहे. चार दिवस तो मी काढून बघितला, आणि मग हे पत्र लिहून रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. त्याची नक्कल अशी:

आदरणीय सर,

सविनय नमस्कार. फोटो पाठवत नाही. ते मीठ होतं.

मी सुई लावली नव्हती. तुम्हाला फोन केला तो सुई लावायच्या आधी केला. दुसऱ्या दिवशी कळलं. त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही फ्रिज बंद केला तो माझ्या शब्दावर. पाचव्या थाळीतला थेंब माझ्यामुळे गेला. तो काय होता हे आता कोणालाच कळणार नाही, आणि ते मी भरून देऊ शकत नाही.

मला अजून कोतवाल दिसलेला नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं. बाबांना काल सांगितलं. त्यांनी फोन ठेवला नाही.

मी पंधरा दिवसांची रजा घेतली आहे. येताना रक्तातून कोतवाल वेगळा काढायचं सामान आणि नव्या थाळ्या आणतो. पुन्हा मांडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तर सामान कॉलेजला देऊन मी परत जाईन, त्यात तुमचा काही दोष नाही.

काकूंच्या फ्रिजला हात लावायचा नाही. मी एक लहान फ्रिज घेतला आहे. तो उद्या ट्रान्सपोर्टनं निघतो आहे, माझ्या आधी पोचेल. उतरवून घेणारा विचारेल कुठं ठेवायचा. तुम्हाला घरात नको असेल तर बाहेर ओट्यावरच ठेवायला सांगा. मी आलो की बघतो.

आपला विद्यार्थी